काळी दोनमधला पहिला गिअर

गाडी गेली. मंगळवारी सकाळी सव्वानऊला ट्रेलर आला, त्यांनी आत्याबाईंना चारही चाकांना पट्टे आवळून वर चढवलं आणि ॲरिझोनाला नेलं. गुरुनाथ काका ड्राइव्हवेवर उभे होते. ट्रेलर कोपऱ्यावरून वळला तरी ते उभेच राहिले.

हे झालेलं नाही. निमिषने तसं ठरवलं आहे, आणि निमिषने काही ठरवलं असेल तर आपण ते मुकाट्याने मानावं, कारण हा मुलगा सहसा काही ठरवत नाही. तर ट्रेलर आलेला नाही, मंगळवार उजाडलेला नाही. आपण जूनमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी शॉमबर्गला काकांच्या गॅरेजमध्ये आहोत, आणि निमिषचा उजवा पाय हलतोय.

तो पाय नेहमीच हलायचा. निमिष एकोणतीस वर्षांचा, मूळचा नागपूरचा, काकांच्या बेसमेंटमध्ये तीन वर्षं भाड्याने राहणारा. या तीन वर्षांत त्याने गादी घेतली नव्हती. सतरा गाद्यांचा तक्ता त्याच्या लॅपटॉपवर होता, त्यात मऊपणा, उंची, परत करण्याची मुदत असे रकाने होते, आणि तो स्वतः योगा मॅटवर झोपायचा. गंमत म्हणजे नोकरी त्याला ठरवण्याचीच मिळाली होती. गोदामांमध्ये खोकी ढकलणारे दांडे असतात, ते विजेने ढकलायचे, हवेने की तेलाने, हे ठरवणारं त्याचं डिपार्टमेंट. तो तक्ता करायचा, ठरवायचा बॉस.

"नऊ दिवस," काका म्हणाले. "बोल."

काका शहात्तरचे. पंच्याहत्तर साली अमेरिकेत आले आणि एकतीस वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कारखान्यात राबले. "एकतीस वर्षं मी लोकांच्या हातातून गिअर काढून घेतले," असं ते स्वतःच सांगत. रिटायर झाल्यावर प्रायश्चित्त म्हणून त्यांनी १९१५ सालची एक गाडी घेतली, जिचा गिअर उजव्या हाताला, दरवाज्याच्या बाहेर, हातपंपाच्या हँडलसारखा उभा होता. गाडीचं मूळ नाव पाटीवरून झिजून गेलं होतं. काका तिला आत्याबाई म्हणत. सकाळी उठायला वेळ लागायचा, उठल्यावर सगळ्या घराला कळायचं, आणि कुणाच्या सांगण्याने काही करायची नाही, म्हणून आत्याबाई.

जानेवारीत काकांचा उजवा खांदा धरला. हात पुढे यायचा, स्टिअरिंग धरायचा, पण बाजूला आणि मागे जायला साफ नकार. एप्रिलमध्ये सिग्नल हिरवा झाला तेव्हा काकांना गिअर टाकता आला नाही. मागे चौदा गाड्या. शेवटी काकांनी बूट काढला आणि गिअर पायाने टाकला. मागच्या गाडीतून कुणीतरी काढलेला हा व्हिडिओ महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवरून रेडमंडला, काकांच्या मुलीच्या फोनवर, अकरा मिनिटांत पोचला.

राधिका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. तिने आरडाओरडा केला नाही, मीटिंग लावली. "बाबा, बावीस तारखेला तुमच्या क्लबची फेरी आहे ना? मी येते. ती एक फेरी तुम्ही स्वतः गिअर टाकून, नियमात बसवून पूर्ण करून दाखवा. गाडी तुमची. नाही जमलं तर ॲरिझोनाचा तो डेंटिस्ट मागतोय, त्याला द्यायची. डन?"

"डन," काका म्हणाले. निमिष त्या वेळी गॅरेजमध्ये पाना धरून उभा होता आणि त्याच्याही तोंडून "डन" निघून गेलं. त्यामुळे तोही अडकला.

शंभरी ओलांडलेल्या गाड्यांच्या त्या क्लबचे नियम मोजके, पण कडक होते. गिअरला ड्रायव्हरशिवाय कुणी हात लावायचा नाही. गाडीत जे काही बसवाल ते १९१६ च्या आधी जगात असलेलं पाहिजे. आणि फेरीत चाक एकदा फिरलं की रेषा ओलांडेपर्यंत थांबायचं नाही. थांबलात, बाद.

"वीज," निमिष म्हणाला. "तारेच्या वेटोळ्यात करंट सोडला की दांडा आत खेचला जातो. त्या काळात बटणावरचे गिअर होते, काका. बटण दाबायचं, बास."

"धाडकन बसतो तो. विचारत नाही. आत्याबाईंच्या दातांना एकशे दहा वर्षं झालीत."

"मग व्हॅक्यूम. इंजिन हवा ओढतच असतं, तीच ओढ नळीने गिअरला लावायची."

"आणि चढावर? ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ गायब. म्हणजे नेमका गरजेला नाही. मंडळाचे स्वयंसेवक पाहिलेस ना, तसं."

"तेल. हायड्रॉलिक."

"सुहासिनीने ड्राइव्हवे परवाच धुतलाय."

"हे टेक्निकल कारण नाहीये, काका."

"तुझं लग्न झालं की कळेल, दुसरं टेक्निकल कारण नसतंच."

"दाबलेली हवा? टाकी लावू."

"दिवसभर फुसफुस करेल. मी नागाशेजारी बसून गाडी चालवणार नाही."

निमिषने लॅपटॉपवर चारही ओळींपुढे काकांचे शेरे लिहिले. बेरीज केली. चौघांना सारखेच गुण पडले. त्याने वजनं बदलून पुन्हा बेरीज केली, तरी सारखेच. पाय असा हलायला लागला की बाकावरचे नटबोल्ट नाचू लागले.

"खरं सांगू का," काका आत्याबाईंच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "तू सांगतोस ती सगळी यंत्रं माझ्याऐवजी गिअर टाकतात. मला गिअर टाकायचाय. तो आत जाताना हाताला कळतं रे. दात दाताला लागतो, जरा कुरकुरतो आणि मग ये म्हणतो. ते कळलं नाही तर मग डेंटिस्टकडे गेलेली काय वाईट?"

निमिषने तक्त्यात नवा रकाना टाकला, 'ये म्हणतो का?', आणि चौघांनाही शून्य दिलं.

सोमवारी त्याने मंडळाच्या ग्रुपवर मतदान घेतलं. ही चूकच होती. वीज, व्हॅक्यूम, तेल, हवा असे चार पर्याय त्याने दिले आणि दुपारपर्यंत कुणीतरी पाचवा, 'आम्रखंड', घुसवला. आम्रखंड एक्केचाळीस मतांनी निवडून आलं. मंगळवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बॉसने विचारलं, "निमिष, तुझं मत?" तर हा म्हणाला, "चढावर टिकणार नाही." विषय कँटीनच्या नव्या कॉफी मशीनचा होता. बॉसने ते लिहून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी तो वर स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि खुर्चीवर टेकला. समोरच्या खोलीत सुहासिनी काकू पेटी घेऊन बसल्या होत्या. काकू चाळीस वर्षं हार्मोनियम वाजवत होत्या, मंडळाच्या प्रत्येक भजनाला साथ त्यांचीच.

"पाय थांबव," काकू न बघता म्हणाल्या. "तुझ्या पायाला ताल नाही, माझा चुकतो."

निमिषने पाय दाबून धरला आणि नजर कुठेतरी ठेवायची म्हणून काकूंच्या डाव्या हातावर ठेवली. हात भाता मारत होता. उजवा हात एक पट्टी दाबायचा, की हवा तेवढ्याच भोकातून जायची. दुसरी पट्टी, दुसरं भोक.

"काकू, हा भाता किती जोर लावतो?"

"पेटीला जोर लावायचा नसतो. जोर लावला की सूर फाटतो."

"नाही, म्हणजे आकड्यात?"

काकूंनी वाजवणं थांबवलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की यापेक्षा वाण्याकडे जाऊन यमन राग किती किलो विचारला असता तर बरं, असं वाटावं. पण निमिष तोपर्यंत गॅरेजमध्ये पळाला होता. येताना त्याने प्लॅस्टिकची नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक पेटीला लावलं. पाणी तीन इंच चढलं. मग इंडियाला जाताना बॅगा तोलायचा जो हुकाचा काटा प्रत्येक मराठी घरात असतो, तो त्याने आत्याबाईंच्या गिअरला अडकवला आणि ओढला. अकरा किलो. पेटीची हवा जेवणाच्या पाटाएवढ्या भात्यात सोडली तर ओढ किती येईल? त्याने हिशेब केला. बारा.

त्याने तक्ता उघडला नाही. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

"काकू, तुमची पेटी हवीय. खालच्या सप्तकातले चार सूर काढावे लागतील."

"काढ. ते तसेही कुणी वाजवत नाही," काकू म्हणाल्या. "पण आधी पाया पड."

"तुमच्या?"

"पेटीच्या."

निमिष पेटीच्या पाया पडला. शनिवारपर्यंत गाडीच्या फळीखाली चामड्याचे, पाटाएवढे चार भाते बसले. प्रत्येकातून एक नळी वर पेटीत, शेजारशेजारच्या चार पट्ट्यांखाली. पहिली पट्टी रिव्हर्स, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड. पेटी सीटवर मधोमध आडवी ठेवली, पट्ट्या काकांकडे, भाता काकूंकडे. काकू हवा देणार, काका पट्टी दाबणार, गिअर सरकणार. गिअरच्या दांड्याला कुणाचाच हात नाही, आणि पेटी १९१६ च्या कितीतरी आधीची.

गॅरेजमध्येच चाचणी झाली. काकांनी क्लच दाबला आणि डाव्या बोटाने फर्स्टची पट्टी हळूच खाली नेली. खाली काहीतरी फुगलं. दांडा आपोआप सरकला, मध्येच अडला. काकांनी बोट किंचित उचललं, पुन्हा दाबलं. दांडा आत गेला.

त्यांनी सेकंड टाकला, थर्ड टाकला, परत सेकंड. मग बोटाकडे बघत म्हणाले, "अगं, हे विचारून बसतंय."

"मी देतेय तशी हवा म्हणून," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी बंद पडलेल्या एका मॉलच्या पार्किंग लॉटमध्ये सगळे जमले. ऊन आत्ताच चटके देत होतं. अकरा गाड्या होत्या, आणि एकेकीने एकटीने फेरी मारायची होती. मंडळाचे तीसएक लोक खुर्च्या घेऊन आले होते. राधिका विमानतळावरून थेट आली, बॅग हातातच. तिने वडिलांना मिठी मारली, मग सीटवरची पेटी पाहिली, मग निमिषला बाजूला घेतलं.

"हे काय आहे?"

"न्यूमॅटिक कंट्रोल," निमिष म्हणाला.

"आईची पेटी आहे ती."

"तीसुद्धा आहे."

क्लबचा तपासनीस डेल म्हणून एक उंच, सावकाश माणूस होता. तो गाडीखाली आडवा झाला, चारही भाते पाहिले, बाहेर येऊन पेटीकडे बोट दाखवलं आणि ही वस्तू कधीची, असं विचारलं. निमिषने सांगितलं, असल्या पेट्या एकोणिसाव्या शतकापासून आहेत. डेलने फोनवर शोधलं, मान डोलावली, लिहिलं: पास.

तेवढ्यात नीलांबरी मावशी पुढे आल्या. मंडळाच्या मुख्य गायिका. हातात नारळ.

"असं कोरडं जायचं? दोन ओळी गणपतीच्या म्हणू या. सुहास, सूर दे गं."

पेटीचे चारच सूर काढले होते, बाकी सगळे शाबूत. काकूंनी काकांच्या बाजूला वाकून सूर दिला. मावशींनी आ लावला आणि खोकल्या.

"नाही गं, काल प्रॅक्टिसने घसा बसलाय. काळी दोन नको. पांढरी दोन कर."

काकूंनी पेटीच्या कडेचा खटका दाबून काहीतरी सरकवलं. टक् असा आवाज झाला. दोन ओळी झाल्या, नारळ फुटला, डेलला खोबऱ्याचा तुकडा मिळाला, आणि तुकडा खिशात ठेवावा की खावा या विचारात तो पडला. निमिषला तो माणूस एकदम जवळचा वाटला.

"आत्याबाई, चला," काका म्हणाले. शिटी वाजली. काकूंनी भाता मारला. काकांनी क्लच दाबला, फर्स्टची पट्टी दाबली, खाली कुरकुर झाली, दांडा सरकला, काकांनी क्लच सोडला.

आत्याबाई मागे निघाल्या.

आता ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. काकूंची पेटी स्केल चेंजरची होती. गाणाऱ्याला सूर उंच वाटला की पट्ट्यांची अख्खी ओळ एक घर सरकवायची. बोटं त्याच पट्ट्यांवर, आवाज मात्र एक पायरी खालचा. चाळीस वर्षं काकू हे करत होत्या, त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. आणि निमिषला पेटीतलं इतकंच माहीत होतं की तिच्या पाया पडतात. ओळ एक घर सरकली, तशी फर्स्टची पट्टी रिव्हर्सच्या भोकावर गेली.

"मी फक्त पांढरी दोन म्हटलं," नीलांबरी मावशी मागून कुणालातरी सांगत होत्या.

"काका, थांबा!" निमिष ओरडला, आणि लगेच, "थांबू नका!" कारण थांबले तर बाद. पुढचा गिअर टाकायचा तर आधी गाडी थांबवावी लागणार, आणि गाडी थांबवली तर गाडी गेली. निमिष दोन्ही ओरडत राहिला, आलटून पालटून, आणि दोन्ही तितकंच बरोबर होतं.

काकांनी ठरवायला एक क्षणही घेतला नाही. त्यांनी मान वळवली, डावा हात पेटीवरून काढून सीटच्या पाठीवर टाकला आणि निघाले उलटे. पार्किंग लॉटला अर्ध्या मैलाचा वळसा होता. शंकू मांडून रस्ता आखला होता. काका एकही शंकू न पाडता मागे मागे जात होते. काकू मात्र पुढे तोंड करून बसल्या होत्या.

"अहो," त्यांचा आवाज आला, "सगळे लांब का चाललेत?"

"तू भाता मार!"

"मी मारतेच आहे!"

गिअर एकदा बसला की हवेची गरज नव्हती, पण हे काकूंना सांगायला वेळ कुणाला होता? आत्याबाई वळणावर आल्या, मंडळाचे लोक खुर्च्या उचलून बाजूला झाले. निमिष गाडीबरोबर धावत होता, म्हणजे तिच्या तोंडासमोर धावत होता आणि ती त्याच्यापासून पळत होती. राधिकाही धावत होती, बॅगेसकट. तिला वडिलांचा चेहरा अर्धाच दिसत होता. त्या अर्ध्या चेहऱ्यावर काय होतं ते तिने नंतर आईला सांगितलं, निमिषला नाही. निमिषने स्वतः पाहिलं ते एवढंच की काकांचा दुखरा उजवा हात स्टिअरिंगवर होता, आणि तो एकदाही दचकला नाही.

सात मिनिटांनी आत्याबाईंनी रेषा ओलांडली. मागच्या चाकांनी आधी, पुढच्या चाकांनी नंतर. टाळ्या पडल्या. अमेरिकन लोकही वाजवत होते. डेल वाजवत नव्हता. तो नियमांचं पुस्तक चाळत होता.

"टेक्निकली," राधिका धापा टाकत म्हणाली, "तुम्ही गिअर टाकलात. एक."

"आणि थांबलो नाही," काका म्हणाले.

"आणि नियमात बसलं की नाही ते क्लब ठरवेल. असंच ठरलं होतं, बाबा."

"हो. असंच."

सोमवारी दुपारी क्लबचं पत्र आलं. फारच सभ्य पत्र होतं. नियम सातप्रमाणे गाडीची पुढची बाजू रेषेवरून आधी गेली, तरच फेरी पूर्ण धरली जाते. सदस्यांना फेरी अतिशय आवडली. फेरी बाद.

राधिकाने ते पत्र दोनदा वाचलं. तिच्या हातात फोन होता, त्यात डेंटिस्टचा नंबर. ती गॅरेजच्या दारात आली. "बाबा, तुम्ही मागे बघून चालवत होतात आणि आई पुढे बघून पेटी वाजवत होती. मी मॅनेजर आहे, मी काय अप्रूव्ह करू, तुम्हीच सांगा."

"तू डन म्हणालीस, मी डन म्हणालो," काका म्हणाले. "कर फोन."

तिने बाहेर जाऊन फोन केला आणि परत येऊन सांगितलं, डेंटिस्टने इथलाच एक ट्रेलर ठरवलाय, तो उद्या सकाळी सव्वानऊला येईल. निमिषला काकांकडे बघवेना. स्केल चेंजरच्या खटक्याला एक स्क्रू मारला असता तर झालं असतं. एक स्क्रू. त्याने लॅपटॉप उघडला आणि काय करायचं ते न कळून तसाच धरून बसला.

"अर्ज लिही," काका म्हणाले.

"कुणाला?"

"क्लबला. मराठीत."

"काका, त्यांच्यात मराठी कुणालाच येत नाही."

"म्हणून तर. इंग्रजीत दिला तर ते वाचतील आणि नाही म्हणतील. मराठीत दिला तर नाही कसं म्हणतील? लिही. वर 'प्रति' घाल."

निमिषने लिहून घेतलं. मध्ये दोनदा त्याने शब्द सुचवले, काकांनी एक घेतला. काकूंनी आतून येऊन 'सविनय' घालायला लावलं. सही काकांनी उजव्या हाताने केली.

प्रति,
मा. अध्यक्ष,
शंभरी ओलांडलेल्या गाड्यांचा क्लब,
शॉमबर्ग, इलिनॉय.

विषय: गाडीच्या पुढच्या बाजूबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, दिनांक २२ जून रोजी झालेल्या फेरीत अर्जदाराची गाडी निघाल्यापासून पोचेपर्यंत कुठेही थांबली नाही, तिने एकही शंकू पाडला नाही, व ज्या बाजूने ती निघाली त्याच बाजूने ती पोचली. अर्जदाराचे लक्ष पूर्णवेळ त्याच बाजूस होते. दुसऱ्या बाजूस अर्जदाराची पत्नी बसलेली असल्याने तीही बाजू दुर्लक्षित नव्हती.

तरी सदर गाडीची मागची बाजू ही दिनांक २२ जून रोजी सकाळी दहा चाळीस ते दहा सत्तेचाळीस या सात मिनिटांपुरती पुढची बाजू म्हणून ग्राह्य धरण्यात यावी, आणि तसा लेखी आदेश मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या आत अर्जदाराच्या हाती मिळावा, ही विनंती.